साय धरलेली कॉफी

खरं तर ही गोष्ट मी सांगायची नाही. मोठी काकू ती फक्त स्वयंपाकघरात सांगते, तीही दार लोटून, आणि संपली की दर वेळी बजावते, "बाहेरच्या खोलीत जाता कामा नये हं." पण बाहेरच्या खोलीत आबांचा डोळा लागलाय. ते उठायच्या आत सांगून टाकते.

फार पूर्वी, जिथे बाराही महिने धुकं उतरतं अशा डोंगरांत एक राज्य होतं. तिथे घरोघरी परसात कॉफीची झाडं असत. लाल फळं उन्हात वाळवायची, आतली बी तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायची, जात्यावर भरडायची आणि दाट दुधात उकळून वर जायफळ किसायचं. पाहुणा दारात आला, की आधी कॉफी आणि मग खुशाली, अशी तिथली रीत होती.

पण एका माणसाच्या कॉफीबद्दल त्या राज्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. राजाच्या.

राजा तरुणपणी गादीवर बसला, त्या दिवशी भर दरबारात त्याच्या हाती कॉफीचा पेला दिला होता. त्याने ऐटीत मोठा घोट घेतला आणि त्याची जीभ पोळली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. कोण हसलं ते कधीच कळलं नाही. पण त्या दिवसापासून कढत कॉफी आली, की करणारा कोठडीत जायचा. मग लोक घाबरून निवलेली कॉफी पाठवू लागले. राजा म्हणाला, "मी काय तान्हं बाळ आहे?" आणि गार कॉफी करणाराही कोठडीत गेला.

कोठडी राजवाड्याच्या पोटात होती. तिथून माणसाला कधी सोडतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. कारण अजून कुणाला सोडलंच नव्हतं.

त्यात राजवाड्याची एक जुनी रीत होती. राजाच्या ओठी लागणाऱ्या पदार्थाची चव आधी कुणी घ्यायची नाही. तो उष्टा होतो. चव तर सोडाच, बोट बुडवूनही बघायचं नाही. पेलाही उघड्या हाताने नाही, जाड रुमालात धरायचा. आणि राजाने एकदा ओठाला लावलेला पेला परत न्यायचा नाही. तोही उष्टाच. त्यामुळे कॉफी किती गरम आहे, हे सगळे नुसतं डोळ्यांनी ओळखायचे. वाफ दिसली की कढत. वाफ नाही दिसली की गार. एवढंच त्यांना ठाऊक होतं.

एक दिवस असा आला, की राजवाड्यात कॉफी करायला माणूसच उरला नाही. तेव्हा शिपाई गावात उतरले. कुणाचं दूध सगळ्यात दाट, अशी चौकशी करत ते एका गवळणीच्या दारात आले आणि तिला घेऊन गेले. तिला नवरा नव्हता. एक लेक होती, नुकती मोठी होऊ लागलेली.

गवळण रोज संध्याकाळी घरी यायची. लेक तिच्यापुढे जेवणाचं ताट ठेवायची. गवळण घास हातात धरून बसायची.

"आज कशी झाली, आई?"

"आज प्यायले. काही बोलले नाहीत."

"म्हणजे आवडली?"

"काही बोलले नाहीत गं," आई म्हणायची. "तिथे तेवढंच पुरे असतं."

मग एका संध्याकाळी गवळण घरी आली नाही. लेक दारात उभी राहिली. धुकं उंबऱ्यापर्यंत आलं, गोठ्यातली गाय हंबरून हंबरून थकली, तरी वाटेवर कुणी दिसेना.

सकाळी शिपाई आला. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाईकडे बघतच तो बोलला.

"दूध काढ आणि चल. हुकूम आहे. आज कॉफी तू करायची. बरोबर आली, तर तुझी आई घरी येईल. नाही आली, तर तूही आत."

"पण बरोबर म्हणजे कशी?" लेकीने विचारलं.

शिपाई आता मात्र तिच्याकडे बघू लागला, जणू तिने काही भलतंच विचारलं होतं. "असलं विचारत नसतात," तो म्हणाला. "चल लवकर."

राजवाड्याच्या मागच्या बाजूला जमिनीलगत एक गज लावलेला झरोका होता. तिथून जाताना लेकीने मुद्दाम दुधाची चरवी खाली ठेवली आणि पायात काटा रुतल्यासारखं करून ती वाकली.

"आई?"

 आतून आधी ओल आणि अंधाराचा वास तेवढा आला. मग गजांना बोटं लागली. ती आईची बोटं होती, पण हात लावला तर बर्फासारखी गार.

"पोरी, तुला कशाला आणलं गं त्यांनी?"

"आई, तुझ्या कॉफीचं काय चुकलं?"

"शप्पथ सांगते, माझ्या हातून गेली तेव्हा छान होती. वाफ कशी हळूच निघत होती. वर पोचेपर्यंत काय होतं, देव जाणे. महाराजांनी घोट घेतला म्हणे आणि पेलाच फेकला. जीभ पोळली."

"ए, काय चाललंय?" शिपाई ओरडला.

"काटा," लेक म्हणाली आणि उठली. तिने चरवी उचलली आणि ती त्याच्यामागे चालू लागली.

मुदपाकखाना, म्हणजे राजाचं स्वयंपाकघर, टेकडीच्या पलीकडच्या पायथ्याशी होतं. ठिणगी उडून महालाला आग लागेल, या भीतीने कुण्या जुन्या राजाने ते लांब बांधलं होतं. तिथून महालापर्यंत एक लांबलचक सज्जा, म्हणजे खांबांची आणि खिडक्यांची छपराखालची वाट, जात होता. चुलीवर एवढी भांडी होती आणि एवढी माणसं होती, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पळीसुद्धा कुणी आपटत नव्हतं.

मोठा आचारी अंगाने आडवा आणि घामाने भिजलेला होता. तो लेकीच्या कानाशी येऊन म्हणाला, "तुझ्या आईनं घोळ केला, आणि मला इथे रात्रभर झोप नाही. नीट कर, पोरी. माझी लहान लहान मुलं आहेत."

"काका, महाराजांना कशी लागते? थोडी गरम, की…"

"श्श!" आचाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. "तू कर. तुझं तू कर."

लेकीने दूध तापवलं. भुकटी टाकली, उकळी आली तशी पातेली उतरवली. तिने कॉफी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात, अशी वर-खाली केली. फेस आला. वाफ नुसती रेशमाच्या धाग्यासारखी निघू लागली. घरी आई तिला अशीच द्यायची. तिने पेल्यावर झाकणी ठेवली, पेला तबकात ठेवला आणि आचाऱ्यापुढे सरकवला. मग हात धुवायला ती वळली, आणि तिच्या लक्षात आलं, की जायफळ राहिलं!

मुठीत जायफळ आणि छोटी किसणी घेऊन ती धावत परत आली. दारातच तिचे पाय थांबले.

मोठ्या आचाऱ्याने झाकणी उचलून आत पाहिलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "एवढीशी वाफ?" तो स्वतःशीच पुटपुटला. "वर जाईपर्यंत गार दगड होईल. मेलो मी." त्याने चारी बाजूंना पाहिलं. मग पेल्यातली कॉफी हळूच पातेलीत ओतली, पातेली चुलीवर ठेवली आणि खळखळून उकळी आल्यावर कॉफी परत पेल्यात भरली. झाकणी ठेवून तो अशा चेहऱ्याने उभा राहिला, जणू हललाच नव्हता.

हुजऱ्या, म्हणजे राजाला पेला नेऊन देणारा नोकर, आला आणि तबक घेऊन सज्ज्याकडे निघाला.

लेकीला हाक मारायची होती. पण इथे मोठ्याने कोण बोलणार? ती खांबांच्या आडून त्याच्या मागे मागे गेली.

सज्ज्यात वारा भणाणत होता. मधल्या खिडकीशी हुजऱ्या थबकला. त्याने झाकणी उचलली आणि भसकन वाफ त्याच्या तोंडावर आली. "अरे देवा! आज मला जिवंत गाडणार." त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग पेला खिडकीच्या कठड्यावर, वाऱ्यात ठेवला. एवढ्याने भागेना, म्हणून खांद्यावरचं उपरणं काढून तो वारा घालू लागला. त्याचे ओठ पुटपुटत होते. तो देवाचं नाव घेत होता. वाफ पार दिसेनाशी झाली, तेव्हाच तो थांबला आणि झाकणी ठेवून पुढे निघाला.

महालाच्या दारात भालदार उभा होता. उंच, मिशाळ, हातात भाला. गावातली पोरं त्याला लांबूनच बघून पळायची. त्याच्या पायाशी हात शेकायची शेगडी होती. त्यात निखारे फुललेले होते.

"आण इकडे," भालदार म्हणाला आणि झाकणी उचलून बघू लागला. "काय रे, ही कॉफी आहे का कालचं ताक? वाफेचा मागमूस नाही."

"बरोबर आहे, भालदारसाहेब," हुजऱ्या म्हणाला. 

"बरोबर? काल तू असंच म्हणालास. महाराजांनी पेला फेकला तो कुणाच्या छातीवर बसला? माझ्या. जा तू."

हुजऱ्या पळाला. भालदार एकटा उरला. आणि लेकीने पाहिलं, की तो एवढा धिप्पाड माणूस, पण त्याच्या हातातलं तबक खणखण वाजत होतं. त्याने पेला शेगडीच्या निखाऱ्यांत रुतवून ठेवला. खाली वाकून तो बघत राहिला. वाफ येते का? येत नाही. अजून थोडं. येत नाही.

वाफ येणार कशी? दूध दाट होतं. वाऱ्यात ठेवल्यामुळे कॉफीवर साय धरली होती, जाड, पिवळसर, एखाद्या चादरीसारखी. ती वाफ दाबून धरून बसली होती. खाली निखाऱ्यांवर कॉफी तापत चालली होती आणि वरून अगदी गार, शांत दिसत होती.

लेकीला सगळं एकदम कळलं. काल आईच्या कॉफीचंही हेच झालं होतं.

"जाऊ दे, आता देवाची मर्जी," भालदार म्हणाला. त्याने उपरण्याच्या टोकाने पेला उचलला, रिवाजाप्रमाणे जाड रुमालात गुंडाळून तबकात ठेवला आणि तो आत गेला.

आत जायचं म्हणजे काय, हे लेकीला माहीत होतं. न बोलावता राजाच्या दालनात पाऊल टाकणाऱ्याला कोठडी, हे दारावरच कोरलं होतं. तिने उंबऱ्याकडे पाहिलं. बोटभर उंचीचाच होता तो, पण तिला डोंगराएवढा वाटला.  नाही गेले तर? राजाची जीभ पोळेल, आई आत राहील, मीही आत जाईन. गेले तर? तरीही आत जाईन. दोन्हीकडे तोच अंधार होता. पण एका वाटेवर निदान आईसाठी तोंड उघडता येणार होतं.

तिने डोळे मिटले आणि पाऊल टाकलं.

"महाराज, पिऊ नका!"

दालनातले सगळे जागच्या जागी थिजले. पेला राजाच्या ओठांपाशी पोचला होता. तो तिथेच थांबला. मोठा आचारी आणि हुजऱ्या मागून धावत दारापर्यंत आले होते. पोरगी सज्ज्यातून गेल्याचं त्यांना कळलं होतं.

राजाने पेला सावकाश खाली घेतला. "का?" तो म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "विष घातलंय?"

भालदाराच्या हातातून भाला निसटून पडला. त्याचा आवाज दालनभर घुमत राहिला.

"नाही, महाराज," लेक म्हणाली. "कढत आहे."

"वाफ दिसत नाही."

"साय धरलीय, महाराज. वरची साय फक्त बाजूला करून बघा."

राजाने तबकातला चमचा घेतला आणि सायीला टोचला. साय फाटली. त्या फटीतून वाफेचा लोट असा उसळला, की राजाने मान मागे घेतली. त्याची जीभ आपोआप दातांआड गेली.

"ही कॉफी कुणी तापवली?" आता मात्र तो ओरडला. "नाव सांग. ज्याने तापवली त्याचं नाव सांग, आणि आईला घेऊन घरी जा."

लेकीने मागे पाहिलं. दारापाशी तिघंही उभे होते. आचाऱ्याचे ओठ हलत होते, बहुतेक तो मुलांची नावं घेत होता. हुजऱ्याने उपरणं तोंडात कोंबलं होतं. भालदार खाली बघत होता. एक नाव. एक नाव घेतलं, की आई घरी. तिच्या जिभेच्या टोकावर ते आलंसुद्धा.

मग तिला कोठडीच्या गजांवरची ती गार बोटं आठवली. तिथे आणखी तीन जणांची बोटं तिला दिसली.

"महाराज," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती बोलत राहिली. "नाव सांगितलं तर आज एक जण कोठडीत जाईल. उद्या त्याच्या जागी नवा माणूस येईल. तो याच्याहून जास्त घाबरलेला असेल. मग तोही पेल्याची झाकणी उघडून बघेल आणि काहीतरी करेल. ही कॉफी एकाने बिघडवली नाही. प्रत्येकाने ती नीट करायला बघितली. चोरून. कुणी कुणाला सांगितलं नाही, कारण सगळे घाबरलेले."

"मग तू केलीस ती बरोबर होती?"

"मला माहीत नाही, महाराज."

"माहीत नाही?"

"माझी आई मला देते तशी केली मी. तुम्हाला कशी लागते, हे इथे कुणालाच माहीत नाही. मी सकाळपासून विचारतेय. सगळे म्हणतात, असलं विचारत नसतात." तिने हुंदका गिळला. "म्हणून तुम्हालाच विचारते. महाराज, तुम्हाला कॉफी कशी हवी? कढत की कोमट?"

राजाने तोंड उघडलं. आणि मिटलं. दालनातल्या सगळ्यांनी पाहिलं, की राजाला उत्तर येत नव्हतं. इतकी वर्षं कधी जीभ पोळवणारी, कधी गारढोण कॉफी पिऊन पिऊन, आपल्याला कशी लागते हे तोच विसरून गेला होता.

"वाटी आण," शेवटी तो म्हणाला.

हुजऱ्याने वाटी आणली. लेकीने साय चमच्याने बाजूला काढली आणि राजाच्या समोर, सिंहासनाच्या पायरीशी बसून ती कॉफी वर-खाली करू लागली. धार थरथरत होती. थोडी कॉफी गालिच्यावर सांडली, तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला. राजाची नजर धारेवरच होती.

तिने पेला पुढे केला. राजाने अगदी एवढासा घोट घेतला, चिमणी पाणी पिते तसा.

"अजून," तो म्हणाला आणि पेला परत दिला.

"महाराज, उष्टा पेला!" आचारी नकळत बोलून गेला आणि त्याने स्वतःच्याच तोंडावर हात मारला.

"माझाच उष्टा आहे ना?" राजा म्हणाला. "अजून."

पुन्हा वर-खाली. पुन्हा एक घोट. "थोडी अजून." पुन्हा. मग राजाने घोट घेतला आणि बराच वेळ तो तोंडातच धरून ठेवला. 

"बस," राजा म्हणाला. "एवढी." आणि तो कॉफी पिऊ लागला, घोट घोट, शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकाम्या पेल्यात बघत तो कुणाला ऐकू जाईल न जाईल असा म्हणाला, "तेव्हा कोण हसलं, ते बघायचं होतं मला. इतकी वर्षं प्रत्येक पेल्यात मी तेच बघत होतो."

लेकीने मूठ उघडली. "महाराज, जायफळ राहिलं," ती म्हणाली.

आणि राजा हसला. ते हसू कसंनुसं होतं, न वापरलेल्या कुलुपासारखं करकरत उघडलेलं. पण हसला.

त्याच दुपारी कोठडीचं दार उघडलं. आतून एकामागून एक माणसं बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून, भिंतीला चाचपत. सगळ्यांत शेवटी गवळण आली. तिने आधी लेकीचे हात हातात घेऊन बघितले, कुठे भाजले तर नाहीत ना.

"न बोलावता आत गेलीस म्हणे. तुला भीती नाही वाटली?"

"वाटली," लेक म्हणाली. "अजून वाटतेय. बघ ना, पाय थांबत नाहीयेत."

मग दोघी एकमेकींना धरून टेकडी उतरल्या. गाय केव्हाची हंबरत होती.

राजाचं ओरडणं काही एका दिवसात थांबलं नाही. तो अधूनमधून ओरडायचाच. पण आता तो ओरडला, की भालदार दारातूनच विचारायचा, "महाराज, वर-खाली करू का अजून?" आणि राजा गुरगुरत का होईना, सांगायचा. कोठडीत पुढे म्हणे दुधाच्या चरव्या ठेवू लागले. तिथे गार असतं, दूध छान टिकतं.

तात्पर्य: जिथे भीती असते, तिथे प्रत्येक जण गुपचूप, एकट्याने सगळं नीट करायला जातो आणि सगळ्यांचं मिळून बिघडतं. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर, पाय लटपटत असले तरी, एकदा उभं राहावं आणि सरळ विचारावं, की…

"अगं, आत कोण आहे? माझी कॉफी कुठाय?"

आबा उठले. आले, आबा, आणते! आबा, तुम्हाला ती कढत लागते, की कोमट?